शब्दांची प्रतवारी : कष्ट आणि काळजी यांचे इंग्रजी शब्द

धान्याच्या पेठेत नुसता 'गहू द्या' म्हणणारे गिऱ्हाईक क्वचितच भेटते. लोकवन हवा की सिहोर, की खिरीसाठी खपली, हे विचारल्यावाचून कोणताही दुकानदार पोत्याला हात घालीत नाही. खपली मागणाऱ्यास लोकवन बांधून दिला आणि 'दोन्ही गहूच ना' अशी सबब सांगितली, तर ती कोणी ऐकून घेणार नाही. असे असता, बँकेस, सरकारी कचेरीस अथवा परप्रांतीच्या व्यापाऱ्यास इंग्रजीत पत्र लिहावयाची वेळ आली म्हणजे मात्र आपण 'अडचण' या एकाच पोत्यात हात घालतो आणि हाताला लागेल तो शब्द काढून देतो. हार्डशिप, डिस्ट्रेस, ट्रबल, डिफिकल्टी, वरी, अँग्झायटी, स्ट्रेस, कन्सर्न हे सारे शब्द आपल्या लेखी एकाच भावाचे. वस्तुतः त्या प्रत्येकाची प्रत निराळी आहे, आणि चुकीची प्रत पाठविली असता तोटा पाठविणाऱ्याच्याच पदरी येतो.

आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. भाषापंडित म्हणून मिरविण्याचा आमचा मुळीच अधिकार नाही. तथापि चाळीस वर्षे गादीवर बसून पत्रव्यवहार करताना जे शब्द आम्हांस महाग पडले, ते आम्ही पुढे कोश उघडून नीट पाहिले. त्या अभ्यासातील काही भाग स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्या मुलाबाळांचे शिक्षण आता बहुधा इंग्रजीतून होते. त्यामुळे हे शब्द केवळ कचेरीत नव्हे, तर घरातही येऊन पोहोचले आहेत. म्हणून हा विषय गृहिणींनी व तरुणांनीही वाचावा, अशी विनंती आहे.

एका शब्दाची किंमत

सन २०१६ च्या ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे व हजार रुपयांच्या नोटा चलनातून बाद झाल्याचे जाहीर झाले, हे सर्वांच्या स्मरणात असेल. ऐन सुगीचे दिवस. शेतकऱ्यास रोख हवी, किरकोळ दुकानदाराकडून वसुली थांबलेली, आणि आमच्या पेढीच्या कर्जखात्यावरील व्याज भरण्याची तारीख तोंडावर आलेली. आम्ही बँकेस पत्र लिहिले व तीन आठवड्यांची मुदत मागितली. पत्र भारदस्त व्हावे म्हणून त्यात आमची पेढी 'फायनॅन्शियल डिस्ट्रेस'मध्ये आहे, असे शब्द घातले. आमच्या मनात इतकेच होते की, रोकड अडकली आहे, वसुली होताच भरू.

बँकेने मात्र पत्राचा अर्थ शब्दाप्रमाणे घेतला. चार दिवसांत गोदामातील मालाची तपासणी करण्यास माणसे आली, आणि तपासणी पुरी होईपर्यंत कर्जमर्यादेतील शिल्लक रक्कम उचलण्यास मनाई झाली. तीन आठवड्यांत आमची वसुली झाली, व्याजही भरले गेले. पण ती मनाई उठावयास दोन महिने लागले आणि तो हंगाम हातचा गेला. पुढे त्या अधिकाऱ्यांनी आम्हांस सौजन्याने सांगितले, "शेटजी, तुम्ही 'डिस्ट्रेस' लिहिले नसते आणि रक्कम व तारीख तेवढी लिहिली असती, तर मी ते पत्र फायलीत लावून मोकळा झालो असतो." दोष बँकेचा नव्हता. आम्ही लोकवनाच्या पोत्यावर खपलीची चिठ्ठी लावली होती.

तीन चाळण्या

या शब्दांची प्रतवारी करण्यासाठी आम्ही तीन प्रश्न ठरविले आहेत. पहिला : संकट बाहेर आहे की मनात? दुसरा : ते आले आहे की यावयाचे आहे? तिसरा : ते आकड्यांत मोजता येते की नाही? या तीन चाळण्यांतून बहुतेक शब्द आपापल्या राशीत जाऊन पडतात. त्यांतही पहिली चाळणी सर्वांत महत्त्वाची.

प्रथम बाहेरच्या संकटांचे शब्द घेऊ. 'डिफिकल्टी' हा त्यांतील सर्वांत सौम्य. लॅटिनमध्ये त्याचा मूळ अर्थ 'सोपे नसणे' एवढाच आहे. डिफिकल्टी ही मार्गातील धोंड होय. उपाय केला असता ती दूर होते. आपला 'अडचण' शब्द याच मापाचा आहे. 'ट्रबल' हा मुळात पाणी ढवळून गढूळ करण्याचा शब्द. स्वस्थ चाललेल्या व्यवहारात कोणी खळबळ उडविली की तो ट्रबल. आपला 'त्रास' अथवा 'उपद्रव' त्याच्या जवळचा.

'हार्डशिप' यांहून निराळा. डिफिकल्टी एका दिवसाची असू शकते, हार्डशिप दीर्घकाळ सोसावी लागते. अन्न, वस्त्र, निवारा, पैसा यांची ओढाताण, म्हणजे आपल्याकडील 'हालअपेष्टा', हा तिचा अर्थ. येथे ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, हार्डशिप हा परिस्थितीचा शब्द आहे, मनाचा नव्हे. अत्यंत हार्डशिपमध्ये राहूनही मनाने प्रसन्न असलेली माणसे आपण पाहतो, आणि सर्व सुखसोयींत बसून चिंतेने वाळलेली माणसेही पाहतो. इंग्रजी भाषेने या दोन स्थितींना दोन नावे दिली आहेत, हा तिचा गुण मानला पाहिजे.

दोन शब्द तर आम्हां धान्यवाल्यांच्या ओळखीचे निघाले, म्हणून त्यांचा विशेष उल्लेख करतो. 'ट्रिब्युलेशन' म्हणजे घोर क्लेश. याचे मूळ 'ट्रिब्युलम' या लॅटिन शब्दात आहे, आणि ट्रिब्युलम म्हणजे रोमन शेतकऱ्याचे मळणीचे अवजार : खालच्या अंगास गारगोटीचे अगर लोखंडाचे दात बसविलेली जड फळी. ती खळ्यावर कणसांवरून ओढीत, म्हणजे दाणे सुटत. रिचर्ड ट्रेंच या धर्मगुरूंनी १८५१ साली प्रसिद्ध केलेल्या शब्दांवरील व्याख्यानांत या शब्दाचा मोठ्या रसिकतेने विचार केला आहे. मळणीत कणीस चुरडले जाते खरे, पण त्यावाचून दाणा व भूस वेगळे होत नाहीत. क्लेशाला मळणीचे नाव देणाऱ्या त्या प्राचीन लोकांनी खळे जवळून पाहिले असले पाहिजे.

दुसरा शब्द 'ऑर्डील'. प्राचीन इंग्लंडमध्ये आरोपीस तापलेले लोखंड धरावयास लावून किंवा उकळत्या पाण्यात हात घालावयास लावून खरेखोटे ठरवीत. त्या न्यायास हे नाव होते. आपल्याकडे याला अगदी जुळता शब्द आहे तो 'दिव्य'. मराठ्यांच्या अमदानीतील निवाड्यांत कढत तेलातुपातून धातूचा तुकडा काढावयाचे रवादिव्य प्रसिद्धच आहे. तेव्हा ऑर्डील म्हणजे साधी अडचण नव्हे. ज्यातून पार पडल्यावर माणसाची पारख होते असा कठीण प्रसंग, म्हणजे दिव्य. वाहन उशिरा आल्यास 'ऑर्डील' म्हणू नये.

डिस्ट्रेस : जप्तीपासून दुष्काळापर्यंत

आम्हांस भोवलेला 'डिस्ट्रेस' शब्द मोठा जुना व कायद्याच्या घरात वाढलेला आहे. त्याच्या लॅटिन मुळाचा अर्थ आवळणे, खेचणे असा. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात घरभाडे थकले असता कोर्टात न जाता भाडेकरूचा माल जप्त करण्याचा जो हक्क मालकास असे, त्यालाच 'डिस्ट्रेस' म्हणत. हा हक्क तेथे २००७ च्या कायद्याने रद्द ठरून ६ एप्रिल २०१४ पासून प्रत्यक्षात संपला. आपल्याकडेही १८८२ च्या प्रेसिडेन्सी लघुवाद न्यायालयांच्या कायद्यात थकलेल्या भाड्यासाठी माल जप्त करण्याच्या प्रकरणाला हेच नाव दिलेले आहे. म्हणजे ज्या शब्दाच्या पोटात जप्ती बसली आहे, तो शब्द आम्ही आपण होऊन बँकेच्या हाती दिला होता.

दुष्काळाच्या कागदपत्रांतही या शब्दाला निश्चित माप होते. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सरकारने ज्या दुष्काळसंहिता केल्या, त्यांत एखाद्या भागात खरोखर 'डिस्ट्रेस' आहे की नाही, हे ठरविण्यासाठी परीक्षेची कामे काढण्याची रीत होती. अल्प मजुरीवर कष्टाचे काम सुरू करावयाचे. लोक मोठ्या संख्येने आले तर डिस्ट्रेस खरा, न आले तर नाही. ही कसोटी निष्ठुर होती यात शंका नाही. परंतु हा शब्द तेथे भावनेचा नसून मोजणीचा होता, हे तीवरून दिसते.

शब्द बदलल्याने वस्तुस्थिती बदलते काय, याचा एक धडाही याच विषयात आहे. महाराष्ट्र राज्याने १९६३ साली कायदा करून राज्यातील कायद्यांतून 'फॅमिन' म्हणजे दुष्काळ हा शब्दच वगळला आणि त्या जागी 'स्कॅर्सिटी' म्हणजे टंचाई हा शब्द घातला. पुढे नऊ वर्षांनी, १९७२ साली पाऊस फसला तेव्हा कागदावर टंचाई होती. लोकांच्या तोंडी मात्र तो आजतागायत 'बहात्तरचा दुष्काळ'च आहे. वरची प्रत लिहून कमी प्रतीचा माल खपत नाही, तसेच सौम्य शब्द लिहून कठीण काळ हलका होत नाही.

'डिस्ट्रेस सेल' हा शब्द तर आपल्या रोजच्या व्यवहारातला. सुगीत घरी धान्य ठेवावयास जागा नाही, सावकाराचा तगादा आहे, मुलीचे लग्न आहे, अशा वेळी शेतकरी पडेल भावाने माल घालून मोकळा होतो. ती डिस्ट्रेस सेल. साधी स्वस्त विक्री व ही विक्री यांत महदंतर आहे. स्वस्त विकणारा आपल्या मर्जीने विकतो, डिस्ट्रेस सेलमध्ये मर्जी उरलेली नसते. सरकारचा किमान आधारभाव अशा विक्रीपासून संरक्षण म्हणूनच सांगितला जातो. गादीवर बसणाऱ्या आपण सर्वांनी हा भेद केवळ भाषेत नव्हे, तर आचरणातही पाळावा. समोरचा विकतो आहे की अडला आहे, हे अनुभवी व्यापाऱ्यास त्याच्या चेहऱ्यावरून कळते. नडलेल्याच्या मालाचा भाव पाडून मिळविलेला नफा वहीत जमा दिसला, तरी त्याची नोंद अन्यत्र नावे पडते, अशी आपल्या वाडवडिलांची श्रद्धा होती.

हार्डशिप झाली म्हणून करार सुटत नाही

व्यापारी बंधूंच्या उपयोगाची आणखी एक गोष्ट. सौदा केल्यावर भाव कडाडले, तर 'हार्डशिप' झाली म्हणून सौद्यातून मोकळे होता येईल, असा समज पुष्कळ ठिकाणी आढळतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५६ प्रमाणे करार पाळणे अशक्य अगर बेकायदेशीर झाल्यास तो रद्द होतो. परंतु अशक्य होणे व महाग पडणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली 'अलोपी प्रसाद' खटल्यात हे स्पष्ट केले. सैन्यासाठी तूप खरेदी करून देण्याचा तो १९३७ चा करार होता. १९३९ साली महायुद्ध पेटले, परिस्थिती पालटली, आणि दलालांनी ठरल्याहून वाढीव मोबदला मागितला. भाव अकल्पित चढले वा काम अधिक जड झाले, एवढ्याने करार संपुष्टात येत नाही, असा निर्णय झाला.

रोम येथील युनिड्रॉइट संस्थेने १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या आंतरराष्ट्रीय करारांच्या तत्त्वांत 'हार्डशिप'ला स्वतंत्र स्थान आहे खरे. पण तेथेही कराराचा समतोल मुळातून ढळला असला पाहिजे, आणि तसे झाले तरी मिळतो तो पुन्हा बोलणी करण्याचा अधिकार. काम थांबविण्याचा नव्हे. म्हणून सौदाचिठ्ठी करतानाच अशा प्रसंगी काय करावयाचे ते लिहून ठेवावे. मागाहून 'हार्डशिप' शब्दाचा आधार घेणे म्हणजे पावसात भिजल्यावर छत्री विकत घेणे होय.

मनातले शब्द

आता दुसरी रास. 'वरी' हा शब्द आज फार साधा झाला आहे, पण जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ गळा आवळणे असा होता. पुढे कुत्रा मेंढराची नरडी धरून हिसडे देतो, त्या क्रियेस तो लावीत. नंतर तो मनाकडे वळला. 'अँग्झायटी' हाही लॅटिनमधील आवळणे, गुदमरविणे अशा अर्थाच्या धातूपासून आला, आणि 'अँग्विश' त्याच कुळातला. त्याच्या मुळाशी अरुंदपणा, चिंचोळी जागा आहे. आपल्या मराठीतही प्रकरण 'गळ्याशी येते', चिंतेने 'घास उतरत नाही', 'जीव गुदमरतो'. भाषा दोन, पण चिंतेचा हात दोन्हीकडे गळ्यावरच पडतो.

तरी या शब्दांत फरक आहे. वरीला विषय असतो : उधारीची वरी, मुलीच्या लग्नाची वरी. तिला आपली 'विवंचना' जवळची. अँग्झायटीला पुष्कळदा निश्चित विषय नसतो. काय होईल कोण जाणे, अशी जी धाकधूक व घालमेल, ती अँग्झायटी. 'ॲप्रिहेन्शन' म्हणजे पुढे येणाऱ्या अमुक एका अनिष्टाची धास्ती. याच शब्दाचा दुसरा अर्थ पकडणे, अटक करणे असाही आहे, म्हणून सरकारी पत्रात तो वाचताना संदर्भ पाहावा. 'कन्सर्न' हा सभ्य पत्रव्यवहाराचा शब्द. त्याच्या लॅटिन मुळात चाळणे, निवडणे ही क्रिया आहे, हे वाचून आम्हांस मौज वाटली. कन्सर्न म्हणजे विचारपूर्वक घेतलेली दखल. तीत घाबरेपणा नाही. पेढीलाही 'कन्सर्न' म्हणतात, ते उगीच नव्हे. बँकेस अथवा कचेरीस आपली हरकत कळवावयाची असेल, तर 'वरी' वा 'अँग्झायटी' न लिहिता 'कन्सर्न' लिहावे.

'स्ट्रेस' हा मुख्यतः डिस्ट्रेसचेच आखूड झालेले रूप. यंत्रशास्त्राने तो तुळईवर पडणाऱ्या भारासाठी घेतला, आणि हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ पासून केलेल्या संशोधनामुळे तो माणसाच्या शरीरासही लागू झाला. गोदामातील फळ्यांवर पोत्यांची थप्पी रचली की फळ्यांवर भार येतो, तो स्ट्रेस. फळी कडाडली की तो डिस्ट्रेस. भार असणे हा दोष नव्हे; भार न पेलणाऱ्या फळीवर थप्पी चढवीत जाणे, हा दोष. बँकांच्या परिभाषेत मात्र 'स्ट्रेस' शब्दाला दिवसांचे माप आहे. कर्जाचा हप्ता थकल्यापासून ३० दिवसांपर्यंत एक पायरी, ३१ ते ६० दिवस दुसरी, ६१ ते ९० दिवस तिसरी, आणि ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक ठरते. इतकेच नव्हे, तर रिझर्व्ह बँकेच्या ७ जून २०१९ च्या परिपत्रकात 'फायनॅन्शियल डिफिकल्टी' या सौम्य दिसणाऱ्या शब्दाचीही लक्षणे सांगितली होती. तात्पर्य, बँकेस विशेषण लिहूच नये, आकडा लिहावा. 'अमुक रकमेची वसुली अमुक तारखेस अपेक्षित आहे, तोवर मुदत मिळावी' या वाक्यात कोणत्याही चाळणीत अडकण्यासारखे काही नाही.

'केअर' शब्दाची कथा फार गोड आहे. जुन्या इंग्रजीत केअर म्हणजे शोक, दुःख. पुढे त्याला दोन फाटे फुटले : एक चिंता, दुसरा जपणूक. आपल्या 'काळजी'चे नेमके असेच आहे. काळजी करणे निराळे व काळजी घेणे निराळे. जो पोती पावसाळ्यापूर्वी फळ्यांवर रचतो, भिंतीपासून हातभर दूर ठेवतो, कीड पाहतो, त्याने काळजी घेतली. जो काही न करता रात्रभर कौलांवरचा पाऊस ऐकत जागतो, त्याने काळजी केली.

राहिला 'अँक्शस'. याचे दोन अर्थ आहेत : चिंताक्रांत आणि उत्कंठित. 'अँक्शस टु सेल' असे लिहिणारा आपण विक्रीस उत्सुक आहोत असे सांगू पाहतो, पण वाचणाऱ्यास त्यात घायकुतीचा वास येतो आणि तो भाव पाडतो. मराठीतील 'आतुर' शब्दाचे असेच आहे. संस्कृतात आतुर म्हणजे रोगी. आपण चिंतातुरही म्हणतो, आणि भेटीसाठी आतुर असेही म्हणतो. भय आणि हाव या दोहोंना एकच शब्द का पुरावा, याचा विचार पुढे येणार आहे.

'ती होत होती'

येथे घरातील एक प्रसंग सांगणे प्राप्त आहे. आमची एक पुतणी शिक्षणासाठी पुण्यास होती. एके दिवशी तिने फोनवर निरोप लिहिला, "काका, मला फार अँग्झायटी होते." आम्ही तिला मोठ्या मायेने उलट लिहिले, "बाळ, परीक्षेची काळजी करू नकोस. णमोकार म्हण आणि स्वस्थ झोप." आम्हांस वाटले, उत्तर झाले. तिने पुन्हा त्या विषयावर काही लिहिले नाही. तीन महिन्यांनी ती घरी आली तेव्हा तिचे वजन उतरले होते. छाती धडधडे, हात कापत, वर्गात बसवत नसे. डॉक्टरांनी तपासून सांगितले की, हा आजार आहे, याला नाव आहे आणि यावर उपचार आहेत. उपचारांनी ती बरी झाली, शिक्षणही पुरे केले.

पुढे एकदा आम्ही तिला म्हणालो, "त्या वेळी तू नीट सांगितले का नाहीस?" ती म्हणाली, "काका, मी नीटच सांगितले होते. काळजी मी करीत नव्हते. ती होत होती."

करणे आणि होणे यांतील हे अंतर आम्हांस कोणत्याही कोशाने इतके स्पष्ट करून सांगितले नव्हते. 'वरी' बरीचशी आपण करतो, म्हणून ती सोडण्याचा उपदेश करता येतो. वैद्यकीय अर्थाची 'अँग्झायटी' होते. तिला उपदेश लागू पडत नाही, औषधोपचार व सोबत लागते. आपल्या घरातील मुलाने वा मुलीने हा शब्द उच्चारला, तर वडील मंडळींनी तो 'काळजी' या पोत्यात टाकू नये. कोणत्या अर्थाने म्हणतोस, असे जवळ बसून विचारावे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलीमानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६ हा घरात लिहून ठेवण्याजोगा आहे.

आपल्या शास्त्रातील प्रतवारी

हे सारे पाहिल्यावर आपल्या शास्त्रकारांनी हीच प्रतवारी किती काटेकोर केली आहे, हे ध्यानी येऊन मस्तक नम्र होते. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात बावीस परीषह सांगितले आहेत. क्षुधा, तृषा, शीत, उष्ण यांपासून रोगापर्यंत हे सोसावयाचे कष्ट. साधूस भिक्षा न मिळणे यासही तेथे 'अलाभ' नावाचा परीषह म्हटले आहे, आणि सत्काराचीही गणना परीषहांत आहे. मुनिधर्माची ही चर्चा असली, तरी अलाभ आणि सत्कार या दोन्ही परीक्षा व्यापाऱ्याच्या वाट्यास येतातच. परीषह जिंकावयाचा तो समभावाने सोसून.

त्याच अध्यायात आर्तध्यान निराळे सांगितले आहे. त्याचे चार प्रकार : नको ते वाट्यास आल्याचे चिंतन, हवे ते दुरावल्याचे चिंतन, वेदनेचे चिंतन, आणि निदान, म्हणजे पुढे भोग मिळावेत ही अभिलाषा. कष्ट परीषहांत, त्या कष्टांभोवती मनाने घातलेल्या घिरट्या आर्तध्यानात. पहिले सोसल्याने कर्म झडते, दुसऱ्याने बांधले जाते. आणि चौथ्या प्रकाराकडे पाहावे : लाभाची हाव हीसुद्धा आर्तध्यानच. भय व हाव यांना 'अँक्शस' या एका शब्दात बसविणाऱ्या इंग्रजास आणि आपल्या 'आतुर'ला हे नकळत उमगले होते, असे म्हणावयास हरकत नाही. तोट्याच्या धास्तीने जागणारा आणि तेजीच्या आशेने जागणारा, दोघांचीही रात्र सारखीच जाते.

मात्र एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पुतणीच्या प्रसंगानंतर आमच्या अल्पमतीस असे वाटू लागले की, मनाचा आजार हा आर्तध्यानाच्या खाती न टाकता रोगाच्या खाती टाकावा. रोग हा परीषहांत मोजलेला आहे. रोग्यास कोणी 'तू आर्तध्यान करतोस' म्हणून दोष देत नाही. त्याची वैयावृत्त्य करावयाची, म्हणजे सेवाशुश्रूषा करावयाची, हीच आपली शिकवण. चुकीच्या खाती नोंद गेली की वहीचा मेळ बसत नाही, आणि येथे तर वही माणसाची असते.

वाचकांस आमची इतकीच विनंती की, संकट आले असता लेखणी उचलण्यापूर्वी अथवा तोंड उघडण्यापूर्वी क्षणभर थांबून पहिली चाळणी लावावी : हे बाहेर आहे की आत? बाहेर असेल तर त्याचे माप लिहावे, आणि उपाय करावा किंवा ते सोसावे. आत असेल तर ते आपण करतो आहोत की ते होत आहे, हे पाहावे. करीत असू तर सोडावे. होत असेल तर कोणाचा तरी हात धरावा. आणि आपल्या माणसाने असा एखादा शब्द उच्चारला, तर उत्तर देण्यापूर्वी त्याची वानगी तळहातावर घेऊन नीट पाहावी. धान्याच्या बाबतीत हे आपण रोज करतो. शब्दांच्या बाबतीत करावयास आम्हांस फार वर्षे लागली. वाचकांस तितकी लागू नयेत, यासाठी हा लेखनप्रपंच.

जय जिनेंद्र.